पाय हलवायचा नाही

“माती त्यांना रेशमासारखी लागो, आगा,” असं ती नर्स म्हणाली तेव्हा माझ्या उजव्या जांघेतून एक तार आत गेलेली होती. पोटाच्या खाली वळसा घेऊन ती डाव्या बाजूला उतरली होती आणि डॉक्टर दुलात तिच्यावरून एक मिटलेला फुगा हळूहळू पुढे सरकवत होते. दुखणं डाव्या पायाचं, पण टोचतात उजव्या बाजूला. ज्यानं काही केलेलं नाही त्यालाच पुढे करायचं, ही रीत इथेही आहेच. मी पूर्ण शुद्धीत होतो. भूल जांघेपुरती. माणसाला जागं ठेवतात, कारण श्वास रोखा म्हटल्यावर त्याला श्वास रोखता आला पाहिजे. आणि माणूस जागा आहे म्हटल्यावर त्याला बोलण्यात गुंतवायला हवं. आमच्याकडे अनोळखी माणसाला धीर द्यायचा तर कुणी हवापाण्याच्या गप्पा मारत नाही. गाव कुठलं, कूळ कुठलं, कुणाचा कोण, हे विचारतात. चार प्रश्नांत कुठून तरी नातं निघतंच, आणि नातं निघालं की भीती कमी होते असं आम्ही मानतो. त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या जागी आलेली ही शोल्पान नावाची नर्स बिचारी तेच करत होती. आणि थोरल्या भावाला म्हणतात तसं कुठल्याही वडीलधाऱ्याला आमच्याकडे आगाच म्हणतात. “मूळचे कुठले हो आगा तुम्ही?” “मेर्केच्या वरच्या अंगाचा.” “अय्या, माझं आजोळ मेर्केचं! कुणाचे?” “जाकिपचा धाकटा, एसेनगेल्दी.” “म्हणजे ओराल्बेक आगांचे भाऊ? रेडिओवाले?” मला बरं वाटलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तिकडे मी अजून रेडिओवाला आहे. मी हो म्हणालो, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. “माती त्यांना रेशमासारखी लागो, आगा. आई गेली होती सातव्याच्या जेवणाला. फार माणूस लोटलं होतं म्हणाली.”

मी हललो असणार, कारण डॉक्टर ओरडले, “हलू नका! हलायचं नाही म्हणून सांगितलंय ना?” मग शिशाचा जाड एप्रन घातलेली ती सगळी माणसं पडद्याकडे वळली, आणि डॉक्टरांनी शोल्पानकडे असं पाहिलं की मला कळलं, यांनाही माहीत होतं. हिलाच तेवढं कुणी बजावलं नव्हतं. “श्वास घ्या. रोखा.” मी श्वास रोखला. मी एकसष्ट वर्षांचा माणूस, भाऊ गेल्याचं आत्ताच कळलेला, आणि मी सांगितल्यासारखा श्वास रोखून पडलो. कमरेत खोल कुठेतरी फुगा फुगला. ते दुखणं नेहमीच्या दुखण्यासारखं नव्हतं, आतून कुणीतरी खांदा लावून दार ढकलावं तसं होतं. “दुखेल जरा, हे चांगलं दुखणं आहे,” डॉक्टर म्हणाले. मग पायातून गरम पाणी ओतल्यासारखं काहीतरी सरळ अंगठ्यापर्यंत गेलं. पडद्यावर मघापर्यंत कमरेपाशी तुटलेली काळी रेघ होती, ती आता गुडघ्याच्या खाली धावत होती. “बघा आगा, वाहतंय!” सगळे खूश झाले. मीही बघत होतो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. सातव्या दिवसाचं जेवण होऊन गेलंय. आणि मी परवा संध्याकाळी ओराल्बेकशी फोनवर बोललो आहे.

पायाचं आधी सांगतो, कारण सगळ्यांनी सगळं पायाच्या नावावर केलं. दोन हिवाळ्यांपूर्वी डावी पोटरी चालताना आवळायला लागली. थोडं चाललं की कुणीतरी मुठीत धरून पिळल्यासारखं व्हायचं, थांबलं की सुटायचं. आमचं शहर उतारावर आहे. डोंगराकडे जायचं ते वर, उलट ते खाली. मी खालीच जायचो आणि येताना बस धरायचो. मध्ये थांबावं लागलं की दुकानाच्या काचेत बघत उभा राहायचो. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला बायकांच्या बुटांत भारी रस. मग अंगठ्याला साधी जखम झाली, ती भरेना, काळी पडायला लागली. निजलं की पाऊल ठणकायचं, म्हणून मी पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवून झोपायचो. डॉक्टर दुलातांनी चित्र दाखवून सांगितलं, कमरेतली रक्तवाहिनी जवळजवळ बंद आहे, खाली मांडीतही अडलंय; आतून फुगा घालून उघडू, जाळीची नळी बसवू, कापाकापी नाही. आणि वेळेत नाही केलं तर गुडघ्यापासून पाय जाईल. बागिला, माझी बायको, शेजारी बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “ऐकलंत ना घरधनी? आता तुम्ही मी सांगेन तसं वागायचं.” मी म्हणालो, “कधी वेगळं वागलोय?” ती हसली नाही.

आणि कमरेचंच म्हणाल तर माझं आणि ओराल्बेकचं भांडणही कमरेच्या हाडावरूनच होतं. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांना मजा वाटली असती. थंडीच्या तोंडाला गावाकडे घोडं कापतात आणि सगळ्या नात्यागोत्याला जेवायला बोलावतात. मी बसच्या रात्रभराच्या प्रवासानं आंबून पोचलो होतो. ताट आलं. कमरेचं हाड, जे मानाचं, जे त्या घरात माझ्यासमोर ठेवायला हवं होतं, ते तालुक्याच्या एका साहेबासमोर ठेवलं. माझ्यापेक्षा तीस-पस्तीस वर्षांनी लहान, गालाला अजून लव. ओराल्बेकला कुरणाच्या कागदावर त्याची सही हवी होती हे सगळ्या खोलीला ठाऊक होतं. मी म्हणालो, “या घरात आता हाड वय बघून वाढत नाहीत, खुर्ची बघून वाढतात.” लोक हसले. साहेबसुद्धा हसला. ओराल्बेक हसला नाही. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “ऊठ.” एवढंच. मी उठलो. दारापाशी बूट घालताना मागे कुणीतरी पुन्हा गप्पा सुरू केल्याचं ऐकू आलं. मी आजही म्हणेन की माझं बरोबर होतं. त्यानं जे केलं तेच मी बोललो होतो, फक्त जरा मोठ्यानं. त्यानंतर फोन नाही, निरोप नाही. त्यानं केला नाही, मी केला नाही. बागिला म्हणायची, “हाडच होतं ना ते, त्याचं काय एवढं?” ती उत्तरेकडची. तिला कळणार नाही असं मी म्हणायचो. पण रोज झोपण्याआधी मी त्याचा नंबर काढून बघायचो आणि फोन परत उशाशी ठेवायचो. मला वाटायचं हे तिला दिसत नाही.

मग ऑपरेशनची तारीख लागली आणि त्याच आठवड्यात फोन वाजला. त्याचा नंबर. मी पहिल्याच रिंगला उचलला, हे सांगायला मला लाज वाटत नाही. “काय रे रेडिओ,” तो म्हणाला. मला रेडिओ म्हणणारा जगात तो एकटाच. “पाय तोडतायत म्हणे तुझा?” मी म्हणालो, “तोडत नाहीत, आतून नळी घालणार आहेत.” “आतून? मग तू काय विहीर आहेस?” मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. मग तो म्हणाला, “ते हाडाचं सोड आता. घोड्याचं हाड होतं ते. तू बरा हो.” मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि लहान पोरासारखा रडलो. नंतरही फोन येत राहिले, दर वेळी संध्याकाळी, थोडकेच. रेंज नाही, माणसं आलीत, असं काहीतरी म्हणून तो ठेवायचा. एकदा मी बागिलाला म्हणालो, “त्याचा आवाज तरुण झालाय. घशात घरघर नाही. मनातली अढी गेली की माणसाचा गळासुद्धा मोकळा होतो बघ.” ती पिठाची पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. “तंबाखू सोडली असेल,” ती म्हणाली. मी आयुष्यभर आवाजांचं काम केलंय. ब्लेडनं फीत कापून निवेदकांचे खोकले काढून टाकलेत, दोन वेगळ्या दिवशी बोललेली वाक्यं अशी जोडलीत की बोलणाऱ्यालाही सांधा सापडला नसता. आणि माझ्याच कानावर हा सांधा घातला गेला आणि मी तो मिटक्या मारत ऐकला.

वॉर्डात आणल्यावर त्यांनी उजव्या जांघेवर घट्ट पट्टा बांधला. उद्या सकाळपर्यंत हा पाय सरळ. वाकवायचा नाही, उठायचं नाही, डोकंसुद्धा उचलायचं नाही, नाहीतर टोचलेल्या जागेतून रक्त येईल. म्हणजे मला छतच बघायचं होतं. छतावर एक पोपडा निघालेला होता. त्या छताखाली मी एकेक गोष्ट जागेवर लावत गेलो. तीन आठवड्यांमागे बागिला बहिणीकडे दोन दिवस राहून आली होती, बहीण आजारी म्हणून. डोळे सुजलेले. पिशवीत नवं कापड होतं, एक कोरा तुकडा. “बहिणीनं दिलं,” म्हणाली. आमच्याकडे कुणी वयानं भरलेला माणूस जातो तेव्हा आलेल्या बायकांना कापडाचे तुकडे वाटतात. मी तो तुकडा हातात घेऊन, चांगलं सूत आहे, असं म्हणालो होतो. घरचा फोन वाजला की तीच धावत जाऊन उचलायची. मित्र येतो म्हणाले की, डॉक्टरांनी भेटीगाठी बंद केल्यात, असं सांगायची. मला वाटायचं, बाई माझी किती काळजी करते. आजारी माणसाला मरणाची बातमी सांगत नाहीत, ही रीत मला ठाऊक नाही का? मी स्वतः दुसऱ्यांपासून असं लपवलेलं आहे. पण लपवणं वेगळं. मेलेल्या माणसाला बोलायला लावणं वेगळं. हे केसानं गळा कापणं झालं.

बागिला डब्यात सूप घेऊन आली. माझ्या पायाच्या बोटांना हात लावला आणि, “गरम! बघा, गरम आहेत!” असं म्हणून तिनं पाऊल दोन्ही हातांत धरून ठेवलं. ती खरंच रडत होती. मला ते आवडलं नाही. ते पाऊल आत्ता तिच्या हातातून काढून घ्यावंसं वाटलं, पण हलायचं नव्हतं. “डॉक्टर म्हणाले, जाळी छान बसली. आता तुम्ही डोंगरावरसुद्धा जाल,” ती म्हणाली. “आगाला कळवायला हवं,” मी म्हणालो. तिनं चमचा सुपात ढवळला. “कळवते ना.” “तू नको कळवू. मला त्याच्याशी बोलायचंय. लावून दे.” “आत्ता? तुम्हाला बोलायला मनाई आहे.” “डोकं उचलायला मनाई आहे. तोंड चालतं.” शेजारच्या खाटेवर गेन्नादी नावाचा एक म्हातारा भूगर्भतज्ज्ञ होता, दोन्ही पायांत जाळ्या बसवून झालेला. तो म्हणाला, “लावून द्या हो बाई, भाऊ आहे, काही प्रेयसी नाही.” बागिला म्हणाली, “इथे रेंज नाही, बाहेरून त्यांना सांगते, ते करतील.” ती कॉरिडॉरमध्ये गेली. तिच्या चपलांवर चढवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा सरसर आवाज जिन्यापर्यंत गेला, तिथे थांबला, आणि बराच वेळ परत आला नाही.

मग फोन वाजला. त्याचाच नंबर. मी कानाला लावला आणि डोळे मिटले, जसे पूर्वी हेडफोन लावल्यावर मिटायचो. “काय रे रेडिओ. निघाला का गाळ विहिरीतला?” या वेळी मी ऐकलं. शब्द नाही ऐकले, आवाज ऐकला. आवाजाच्या मागे मोकळी जागा नव्हती, बंद जिन्यात बोलल्यावर येतो तसा घुमणारा कोरडा नाद होता. ओराल्बेकचा मुलगा मेइराम. चाळिशीकडे झुकलेला, कमी बोलणारा, त्याचा गळा बापाचाच आहे; लहानपणी तो फोन उचलायचा तेव्हाही आम्ही फसायचो आणि हसायचो. तो एकेक शब्द घशात खाली ढकलून बोलत होता. आणि मग जेवणाची ढकलगाडी आमच्या दारावरून गेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं, आणि तेच कुरकुरणं जरा मागून मला फोनमध्ये ऐकू आलं. तो याच मजल्यावर होता. दहा-वीस पावलांवर, जिन्याच्या दारामागे उभा राहून माझा मेलेला भाऊ होऊन बोलत होता, आणि त्याच्या शेजारी माझी बायको उभी असणार. मी काय करायला हवं होतं? शिव्या द्यायला हव्या होत्या. मी म्हणालो, “आगा, त्या दिवशी तू मला ऊठ म्हणालास.” “सोड रे ते,” आवाज म्हणाला. “नाही, तू सांग. तुला त्याचं वाईट वाटलं होतं का?” मग आवाज सांभाळत तो म्हणाला, “वाटलं. मागून हाक मारावीशी वाटली होती.” मला ठाऊक होतं की हे मेइराम बोलतोय. तरी मी फोन कानावर इतका घट्ट दाबला की कान दुखायला लागला. मला ते ऐकायचं होतं. हीच खरी शरमेची गोष्ट आहे. त्यांनी मला फसवलं म्हणून मी जळत होतो आणि त्याच वेळी आणखी फसवा म्हणत होतो. “बरं आगा,” मी म्हणालो, “जप स्वतःला.”

बागिला परत आली तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं. “झालं बोलणं?” “झालं.” “काय म्हणाले?” मी छताकडे बघत म्हणालो, “हाक मारावीशी वाटली होती म्हणाला.” तिनं सुपाचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ती गेल्यावर गेन्नादी म्हणाला, “तुझा चेहरा पाय वाचलेल्या माणसाचा दिसत नाही.” मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, परक्याला सांगणं सोपं असतं. “आमच्यात असा फोन येतो,” तो म्हणाला, “अमुक मेला, उद्या बाराला पुरणार, ये. मग माणूस पितो. तुमची रीत बरी का आमची, मला सांगता येणार नाही. पण त्या पोराचा विचार केलास का? बाप पुरून आला आणि बाप होऊन बोलतोय.” मी विचार केला नव्हता. करायची इच्छाही नव्हती. माझं डोकं एकाच ठिकाणी अडकलं होतं. भाऊ खड्ड्यात उतरवला जात होता तेव्हा मी घरी बसून अंगठ्याला मलम लावत होतो. प्रत्येक पुरुषानं मूठभर माती टाकायची असते. परके टाकतात, ज्यांच्याशी त्याची फक्त बाजारात ओळख होती तेही टाकतात. त्या साहेबानंही टाकली असेल. माझी तेवढी मूठ त्यांनी चोरली. उद्या ते येतील, हेही मला ठाऊक होतं. ऑपरेशन पार पडलं, आता सांगायला हरकत नाही. वडीलधारे एकत्र येतील, लांबून सुरुवात करतील, आणि मी ऐकून घेतलं पाहिजे. मी ठरवलं, त्यांना तोंडावर सांगायचं की मला माहीत आहे, आणि तुम्ही सगळे खोटारडे आहात. मग मेइरामला एकच विचारायचं. हाक मारावीशी वाटली होती, हे त्याच्या बापानं खरंच कधी म्हटलं होतं का? मरताना तरी? एवढं एक वाक्य खरं निघालं तर बाकी सगळं मी गिळलं असतं. लपवणं, तो कापडाचा तुकडा, सगळं. एवढ्या एका गोष्टीवर मी रात्र काढली, पाय सरळ ठेवून.

सकाळी पट्टा सोडला. डॉक्टर म्हणाले, “उठा आगा, चालून दाखवा. फक्त जांघेतून वाकायचं नाही, आज-उद्या.” मी कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. पोटरीनं हूं की चूं केलं नाही. डावं पाऊल फरशीवर पडताना मला तिचा गारठा लागत होता. कित्येक महिन्यांत तो लागला नव्हता. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी आभार मानले. मनातून आनंद होत होता आणि त्या आनंदाचा मला राग येत होता.

ते चहाच्या वेळी आले. पुढे सेइतकाली आगा, गावातले सगळ्यांत थोर, दोघे आणखी, आणि शेवटी मेइराम. डोक्यावर टोप्या, अंगावर चांगले कोट, आणि बुटांवर दवाखान्याच्या निळ्या पिशव्या. सेइतकाली आगांची एक पिशवी फाटून मागे ओढली जात होती. बागिला दारातच थांबली. गेन्नादीनं त्यांना पाहिलं, काठी घेतली आणि बाहेर निघून गेला. सेइतकाली आगा माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि रीतीप्रमाणे लांबून सुरुवात केली. यंदाचं गवत, डोंगरावरचा बर्फ, माणसाचं आयुष्य, कुणाला चुकलंय... “मला माहीत आहे, आगा,” मी म्हणालो. ते थांबले. “काल टेबलावर कळलं. तुमच्या बातमीला उशीर झाला.” मी खोटारडे म्हणणार होतो, पण सेइतकाली आगांचे हात इतके म्हातारे होते की तो शब्द तोंडातून निघाला नाही. मी मेइरामकडे वळलो. तो भिंतीला टेकून उभा होता, रात्रभर न झोपलेला. “इकडे ये,” मी म्हणालो. “तुझ्याच आवाजात सांग. तो मरताना माझ्याबद्दल काय म्हणाला?”

“काका, ते तापात होते,” मेइराम म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज किती बारीक होता. सेइतकाली आगा पटकन म्हणाले, “नावच घेत होता तुझं. मरणाच्या दारात माणसाला भाऊच आठवतो.” “मी मेइरामला विचारतोय, आगा.” मेइरामनं बागिलाकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती मान हलवत होती, नको म्हणून. इतकी घाबरलेली मी तिला पाय तोडायची गोष्ट निघाली तेव्हाही पाहिली नव्हती. “मला खोटं सांगशील तर मला कळेल,” मी म्हणालो. “आता कळेल.” मेइराम खाली बघत बोलला. “आई म्हणाली, एसेनगेल्दीला बोलावून घेऊ. तर आब्बा म्हणाले, तो नको. माझ्यावर माती टाकायला तो नको. आम्ही पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाले.” मग तो रडायला लागला. “मेलेल्याचा शब्द मोडता येत नाही, काका. आणि तुम्ही आला असतात तर तुम्हाला फाटकातून परत पाठवायचं कुणी?”

खोलीत गरम पाण्याच्या नळ्यांचा आवाज येत होता. सेइतकाली आगा म्हणाले, “आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. तुझं ऑपरेशन होतंच. त्याच्या आड ते झाकून जाईल असं वाटलं. तुला कधी कळलंच नसतं.” मी बागिलाला विचारलं, “फोन कुणाच्या डोक्यातून निघाला?” “माझ्या,” ती दारातून म्हणाली. “तुम्ही रोज त्यांचा नंबर काढून बघायचात. ते करणार नव्हते. जिवंत असताना केला नाही, आता कुठून करणार? मी म्हटलं, टेबलावर जाताना तरी...” मी रात्रभर ज्या वाक्यावर पाय सरळ ठेवून पडलो होतो ते वाक्य तिनं बनवलं होतं, जिन्यात मेइरामच्या शेजारी उभी राहून, माझ्यासाठी. ओराल्बेकनं मला क्षमा केली नव्हती. तिनं केली होती, त्याच्या नावानं. आणि मला ती तिच्याकडून नको होती. मला माझ्या भावाकडून हवी होती. त्यानं मरताना दोनदा विचारल्यावर दोनदा नाही म्हटलं. मी असा काय गुन्हा केला होता? एका ताटावरून बोललो होतो.

सगळे माझ्या रडण्याची वाट बघत होते. बातमी सांगितली की माणसानं मोठ्यानं हाक घालून रडायचं असतं, मग वडीलधारे उठून मिठी मारतात, मग चहा. मला रडू येत नव्हतं. मी पाय खाटेवरून खाली सोडले. “कुठे निघालास?” सेइतकाली आगा म्हणाले. “गावाला.” “एसेनगेल्दी, त्याचा शब्द...” “त्याचा शब्द ऐकला मी. माती टाकायची नाही. नाही टाकत. कबरीपाशी हात खिशात घालून उभा राहीन. उभं राहू नको असं म्हणाला का?” मी मेइरामकडे पाहिलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. “डॉक्टर उद्या सोडणार आहेत,” बागिला म्हणाली. “डॉक्टर चालून दाखवा म्हणालेत. बूट दे.”

तिनं कपाटातून बूट काढले आणि माझ्यासमोर फरशीवर बसली. मला जांघेतून वाकायची मनाई होती, म्हणून मी तिला ते घालू दिले. तिनं डावा घातला, मग उजवा, नाड्या नेहमीसारख्या दुहेरी बांधल्या, आणि माझ्या तोंडाकडे बघत तशीच बसून राहिली. मी मेइरामच्या खांद्यावर हात ठेवून उठलो आणि तिच्याशी काही न बोलता बाहेर पडलो.